वरच्या माळावरची पांढरी

फोन महेशचा होता, माझ्या मैत्रिणीच्या, कुसुमच्या मुलाचा. "शशीमावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मागून कुणीतरी टेम्पो वळवायला सांगतंय असा आवाज आला. शिरूरला माझ्या घरी मी सकाळची भाजी निवडत बसले होते. खरं सांगायचं तर रडू आलं नाही. मनात आलं ते हे, की फेब्रुवारी संपत आलाय, म्हणजे कासुर्डीला द्राक्षांची तोडणी चालू असणार. तशी ती चालूच होती. दिवस उगवायच्या आत बायका वेलींमध्ये शिरल्या होत्या, कारण उन्हानं तापलेली द्राक्षं पांढऱ्या वाइनला चालत नाहीत. कुसुम नेहमीसारखी बांधावर उभी राहून भरलेले क्रेट बघत होती, घड उलटेपालटे करून खराब मणी काढून टाकत होती. मग "जरा बसते गं" म्हणाली. बसली... आणि तशीच कलंडली. टेम्पो अर्धा भरला होता. बायकांनी क्रेट भराभर खाली उतरवले, तिला आत निजवलं आणि यवतला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी टेम्पोत चढूनच तिला तपासलं आणि मान हलवली. महेश पुण्याहून तिथंच येऊन पोचला होता.

शिरूरहून कासुर्डीला जायचं तर न्हावऱ्यावरून, पारगावला भीमा ओलांडून चौफुल्याला यायचं आणि तिथून सोलापूर रस्त्यानं पुण्याच्या बाजूला वळायचं. ही वाट माझ्या पायाखालची. पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. तोडणीच्या बायका कामावरून तशाच आल्या होत्या. त्यांच्या बोटांना रस लागलेला होता, आणि फुलं वाहताना पाकळ्या त्यांच्या हातालाच चिकटून मागे येत होत्या. त्या दिवसातलं मला तेवढंच नीट आठवतं.

याला आता महिना-दीड महिना होऊन गेला. कुसुमबद्दल पूर्वी वर्तमानपत्रांतून दोन-तीनदा छापून आलं होतं, 'डोंगरावर उंची पांढरी वाइन करणारी शेतकरी महिला' वगैरे. त्यात तिचं वाइनवर किती प्रेम होतं हे हमखास असायचं. ते खरं नाही. तिनं आयुष्यात एक घोट गिळला नाही. मी पंचशील पाळणाऱ्या घरातली, मी तर तोंडालाही लावली नाही. तरी त्या वाइनशी आम्हा दोघींचा काही वर्षं जवळचा म्हणावा असा संबंध आला. तो कसा आला, हे कुणीतरी सरळ लिहून ठेवावं, म्हणून लिहिते आहे.

आम्ही दौंडला एका वर्गात होतो. माझे वडील रेल्वेत फिटर, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. कुसुम मूळची मांडवगण फराट्याची, पण पुढचं शिक्षण व्हावं म्हणून तिला दौंडला मामाकडे ठेवलं होतं. ती मराठ्यांच्या मोठ्या घरातली, मी बौद्ध. डबा आम्ही एकत्र खायचो, पण तिच्या मामाच्या घरी मी ओट्याच्या पुढे कधी गेले नाही. दोघींनाही हे इतकं ठाऊक होतं, की त्यावर बोलणंच झालं नाही. मॅट्रिक झाल्या झाल्या तिचं लग्न लावून दिलं. मी बी.एस्सी. केलं आणि पुढे सणसवाडीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. योगायोग असा, की तिला दिलं ते कासुर्डीला, आणि कासुर्डीला माझी सख्खी रखमामावशी राहायची. त्यामुळे मावशीकडे गेले की कुसुमची गाठ पडायची. विहिरीवर, नाहीतर गिरणीपाशी. घरी मात्र नाही.

तिचा नवरा, विलासराव, हा काही वाईट माणूस नव्हता. कष्टाळू होता, चारचौघांत हसूनखेळून असायचा. हायवेच्या फाट्यावर देशी दारूचं दुकान होतं, तिथं तो संध्याकाळी जायला लागला. मग दुपारी. मग सकाळीही. पुढे पोटात पाणी झालं. नव्वदनंतर लवकरच तो गेला, तेव्हा महेश शाळेत होता. मी भेटायला गेले आणि सवयीनं अंगणात थांबले. कुसुमचे सासरे, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "भाईर का हुबी ऱ्हायलीस, पोरी? आत जा. ती आत हाय." त्या घराचा उंबरा मी पहिल्यांदा ओलांडला तो असा.

कासुर्डीची जमीन कॅनॉलनं दोन तुकड्यांत कापलेली आहे. कॅनॉलच्या खाली ऊस, पाणी, ट्रॅक्टर, सोसायटीचं राजकारण. कॅनॉलच्या वर डोंगराला चिकटून गेलेला मुरमाड उतार, तिथं हुलगा पेरायचा आणि शेळ्या सोडायच्या. आबांच्या वाटणीचा असाच एक मोठा उतार होता, त्याला घरात 'वरचा माळ' म्हणत. त्यांचा धाकटा मुलगा सुभाष शेतकीचं शिकून नाशिककडे एका वाइनच्या कारखान्यात काही वर्षं राहून आला होता. त्याला गाव अण्णा म्हणायचं. त्यानं येऊन आबांना सांगितलं, की हा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, इथं ऊन तिरपं लागतं, रात्री डोंगराचा गार वारा खाली उतरतो आणि मुरमातून पाणी निथळून जातं. उसाला जे नको, तेच वाइनच्या द्राक्षाला हवं.

कुसुमनं मला तो प्रसंग सांगितला होता. ती भाकरी वाढत होती. तिनं विचारलं, "द्राक्षं म्हंजी, बाजारात न्यायची?"

"न्हाई वहिनी, ही खायची न्हाईत."

"मंग?"

"प्यायची."

तिनं हातातली भाकरी परातीत ठेवली आणि आबांकडे बघून म्हणाली, "एक पोरगा बाटलीनं नेला. दुसऱ्याला आता टाकीच बांधून देताय व्हय?"

सुनेनं सासऱ्याला असं बोलायची त्या घरात रीत नव्हती. आबा एवढंच म्हणाले, "त्या माळावर दुसरं काय उगावतंय, ते तू सांग." वेली लागल्या. खांब उभे राहिले, तारा ओढल्या, कॅनॉलच्या कडेच्या विहिरीवरून वर पाइप गेला. कुसुम रोज वर जायची आणि बायकांबरोबर काम करायची, कारण काम न करता बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण सुभाषशी ती कामापुरतंच बोलायची.

पुढे गावातल्या बायकांचं मत घेऊन दारूचं दुकान बंद करता येतं असा कायदा झाल्याचं तिच्या कानावर आलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान उठतं. जी मतदानाला येत नाही, तिचं मत दुकानाच्या पारड्यात पडल्यासारखंच. कुसुम या कामामागे अशी लागली, की मी तिला इतकं बोलताना आधी पाहिलंच नव्हतं. मराठा आळीतली, धनगर वस्तीवरची घरं तिनं पालथी घातली. एका रविवारी मी मावशीकडे होते, तेव्हा ती बौद्ध वस्तीत आली. विहारात पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. ती खाली सतरंजीवर बसली, मावशीनं दिलेला चहा प्याली आणि काय करायचं ते समजावून सांगितलं.

सगळं ऐकून घेतल्यावर रखमामावशी म्हणाली, "समदं खरं हाय, पाटलीणबाई. माझा अनिलबी जातो त्या दुकानात. पर एक सांगा. आमच्या पोरांचं दुकान बंद करायचं, आन् तुमच्या माळावर डोंगर पोखरून तळघर बांधायचं चाललंय. गरिबाची ती दारू, आन् तुमची ती वाइन. आसं कसं?"

बायका हसल्या. कुसुम हसली नाही, रागावलीही नाही. कप सतरंजीवर ठेवून ती म्हणाली, "मावशी, ह्याला माझ्याजवळ उत्तर न्हाई. आसतं तर दिलं आसतं." मग उठून गेली. मी तिच्याबरोबर वेशीपर्यंत चालत गेले. "तुझी मावशी बरोबर बोलली," एवढंच ती म्हणाली.

मतदान झालं. आडव्या बाटलीला मतं भरपूर पडली, पण निम्म्याचा आकडा गाठला गेला नाही. आमच्या वस्तीतल्या बायका मतदानाला फारशा आल्याच नाहीत. दुकानात त्या संध्याकाळी फटाके वाजले. त्याच सुमारास सुभाषची पहिली वाइन बाटल्यांत भरून झाली होती, आणि बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्या लागतात हे गावाला कळलं होतं. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "पाटलीणबाई आमची बाटली आडवी करायला निघाल्या, आन् सोत्ताच्या तळघरात आडव्या बाटल्यांची थप्पी लावून बसल्या." हा विनोद गावात दोन वर्षं चालला.

कुसुमला ज्याची भीती होती तेच झालं, पण तिला वाटलं होतं त्या वाटेनं नाही. सुभाष फाट्यावर कधी गेला नाही. तो हुशार होता, मनापासून काम करणारा होता, आणि त्याच्या कामात चाखणं हे कामच होतं. सुरुवातीला चाखलेलं थुंकायचा. मग कधी थुंकायचा, कधी नाही. त्याची बायको मुलाला घेऊन पुण्याला निघून गेली. एका दुपारी कुसुम जेवायला बोलवायला तळघरात गेली, तेव्हा तो टाकीला टेकून झोपलेला होता आणि वरचा नळ थेंबथेंब गळत होता. तिनं नळ बंद केला. त्याच्या खिशातली किल्ली काढून घेतली, बाहेर आली आणि दाराला कुलूप लावलं. त्याला आतच ठेवून नव्हे. आधी त्याला दोन गड्यांकडून उचलून घरी नेलं, मग कुलूप लावलं. आबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. तिनं किल्ली त्यांना दाखवली. त्यांनी हात जोडले म्हणतात. मी तिथं नव्हते.

सुभाषला पुण्याला व्यसनमुक्तीसाठी ठेवलं. माळावर द्राक्षं पिकत आलेली. पुढच्या रविवारी ती मावशीच्या दारात येऊन उभी राहिली.

"शशे, तू केमिस्ट हाईस. मला आंबटपणा मोजायला शिकीव."

"कुसुम, द्राक्षं विकून टाक. दुसरे कारखाने घेतायत."

"विकीन. पर टाकीत गेल्या सालची हाय, तिचं काय? आन् भाऊजी परत आले, तर त्यांच्याकरता काय ठिवायचं? रिकामी टाकी?"

मी हो म्हटलं. ब्युरेट, कोनिकल फ्लास्क आणि दोन-तीन रसायनं एवढंच सामान लागतं. रसात थेंबथेंब सोडा घालत जायचा, रंग गुलाबी होऊन टिकला की थांबायचं. शाळेत गणितात पहिली येणारी बाई ती. दोन रविवारांत ती माझ्याहून नेटकं करायला लागली. पण आकडे जमले तरी चाखावं लागतंच. पहिल्यांदा तिनं पेला हातात धरला, तेव्हा तिचा चेहरा औषध घेणाऱ्या मुलासारखा झाला होता. तिनं डोळे मिटले, तोंडात घेतलं, फिरवलं आणि मोरीत जाऊन थुंकली. मग साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरली आणि बराच वेळ तिथंच वाकून उभी राहिली. विलासरावच्या तोंडाचा वास तिला आठवला असेल, असं आपलं मला वाटलं. पुढे मात्र हे तिला सवयीचं झालं. गावातल्या बायका पदराआड हसायच्या, की पाटलीण सकाळी उठून दारू तोंडात घेते आणि थुंकते, मग करते कशाला? तिच्याकडे याचं उत्तर होतं. म्हणायची, "भाऊजींनी गिळली. त्येचं काय झालं बघितलंत ना?"

द्राक्षं तिनं शेवटी विकली नाहीत, रस काढून टाकीत घातला, आणि त्या वर्षीचा मार्च फार तापला. पांढऱ्या वाइनचा रस आंबत असताना थंड ठेवावा लागतो, नाहीतर वास उडून जातो आणि उरतं ते नुसतं आंबट पाणी. लोडशेडिंगचे ते दिवस. दुपारभर वीज नाही, आणि अशातच जनरेटर बंद पडला. कुसुमनं मेकॅनिकला निरोप धाडला, तो दौंडहून यायला संध्याकाळ होणार होती. मी त्या दिवशी तिथं होते. टाकीवरचा थर्मामीटर डोळ्यांदेखत चढत होता. तिनं यवतहून टेम्पोभर बर्फ आणवला. घरातली, शेजारची गोणपाटं गोळा केली, ती ओली करून टाकीला गुंडाळली आणि माळावर खुरपणीला आलेल्या बायकांना हाक मारली. त्यांत रखमामावशीची सून वैशालीही होती. बायकांनी ओळीनं उभं राहून बादल्या वर पोचवल्या, वैशाली शिडीवर उभी राहून गोणपाटांवर पाणी सोडत होती, आणि कुसुम बर्फाचे तुकडे गोणपाटांच्या मागे सारत होती. तिच्या हाताची बोटं पांढरीफटक पडली होती. मेकॅनिक आला, जनरेटर सुरू झाला, तेव्हा बायका ओल्या लुगड्यांनिशी तळघराबाहेर उतरत्या उन्हात बसल्या. कुसुमनं सगळ्यांना चहा केला. रखमामावशी खालून हे बघायला आली होती. तिनं विचारलं, "एवढा आटापिटा केला तो कशापायी, ते तरी कळू दे." वैशाली म्हणाली, "आत्याबाई, रस नासला असता." मावशी म्हणाली, "नासूनच तर दारू हुती न्हवं?" तेव्हा मात्र कुसुम खूप हसली. नवरा गेल्यानंतर तिला तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्या रसाची वाइन चांगली झाली. किती चांगली, हे मी सांगू शकत नाही, पण ज्यांना कळतं त्यांनी सांगितलं. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलचे खरेदी बघणारे गृहस्थ आले, दोनदा चाखून गेले आणि जेवढी होती तेवढी घेऊन गेले. पुढे ती मुंबईलाही जाऊ लागली. एका सल्लागारानं सांगितलं होतं, की थोडी गोडसर ठेवा, आपल्या लोकांना आवडते. कुसुमनं ऐकलं नाही. लेबलवर काय नाव घालायचं हे महेशनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली 'वरचा मळा'. महेश म्हणाला, आई, मळा नाही, माळ. ती म्हणाली, आता मळा झाला. गावात मात्र त्या वाइनला कुणी त्या नावानं ओळखलं नाही. गावकरी 'पांढरी' म्हणायचे. शेताला काळी आणि गावाला पांढरी म्हणायची आपली जुनी पद्धत. त्यात ही तिसरीच पांढरी आली, असं आबांच्या वयाची माणसं म्हणायची. पुण्याच्या एका प्रदर्शनात कुणा साहेबानं तिला विचारलं, "तुम्ही ही जेवणात कशाबरोबर घेता?" ती म्हणाली, "मी पीत न्हाई." "मग विकता कशी?" ती म्हणाली, "औषधाच्या दुकानदाराला समदे आजार आसत्यात का?" साहेबाला वाटलं, हा विनोद आहे.

दुकानाचं दुसऱ्यांदा मतदान लागलं, तेव्हा ती वस्तीत प्रचाराला गेली नाही. मला म्हणाली, "मावशीच्या प्रश्नाला उत्तर सापडलं आसतं तर गेले आसते." तिनं तिच्या परीनं केलं होतं ते एवढंच, की माळावर काम करणाऱ्या कुणालाही, दिवाळीला असो की तोडणी संपल्यावर असो, बाटली द्यायची नाही, आणि तिची एकही बाटली तालुक्यात विकायची नाही. ते उत्तर होत नाही हे तिला ठाऊक होतं. तिची बाटली पुण्यात कुणाच्या तरी घरी जातच होती.

पण मधल्या काळात अनिल, म्हणजे माझा मावसभाऊ, वैशालीचा नवरा, फाट्यावरून परतताना ट्रकखाली आला होता. मतदानाच्या दिवशी सकाळीच रखमामावशी घराबाहेर पडली. तिनं वस्तीतली एकेक कडी वाजवली आणि बायकांची रांग घेऊन शाळेकडे निघाली. शाळेच्या फाटकाशी कुसुम उभी होती. मावशी तिच्यापुढे थांबली आणि म्हणाली, "तुमच्या सांगन्यावरनं आले न्हाई. तुमचं उत्तर आजून माझ्याकडं यायचं हाय."

"व्हय मावशी," कुसुम म्हणाली.

बाटली आडवी झाली. दुकान उठलं. ते पुढे दुसऱ्या एका गावच्या हद्दीत हायवेलाच उघडलं, आणि ज्यांना जायचं ते तिथं जाऊ लागले. पण आता चालत जाता येत नव्हतं, एवढा फरक पडला. कुसुम त्याला मोठा विजय वगैरे मानत नव्हती. म्हणायची, "लांब गेलं. लांब जाण्याचाबी उपेग असतो."

सुभाष परत आला तो पूर्ण बरा होऊन. छाटणी, औषधं, वेलींची सगळी कामं त्यानं अंगावर घेतली, आणि ती त्याच्याइतकी चांगली कुणालाच येत नव्हती. तळघराच्या आत मात्र तो पुन्हा गेला नाही. त्याला कुणी मनाई केली नव्हती. कुसुमनं किल्ली त्याच्यापुढे धरली होती, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्याकडंच राहू द्या, वहिनी." आत मग कुसुम आणि वैशाली. अनिल गेल्यावर वैशालीला तिनं खुरपणीवरून काढून तळघरात घेतलं होतं. दोघी मोजायच्या, चाखायच्या, थुंकायच्या. वैशालीही विहारात जाणारी, तिनं सुरुवातीला मला विचारलं होतं, "ताई, तोंडात घेतली आन् थुकली, तर शील मोडतं का?" मी तिला सांगितलं, मला माहीत नाही.

पुढे या धंद्याला उतरती कळा लागली. हौसेनं उभे राहिलेले कारखाने बंद पडले, द्राक्ष घेणारं कुणी उरलं नाही, आणि आसपासच्या लोकांनी वेली उपटून पुन्हा ऊस लावला, नाहीतर प्लॉट पाडले. कुसुमचं काम थोडकं होतं आणि गिऱ्हाईक ठरलेलं, म्हणून ते टिकलं. महेश इंजिनियर होऊन पुण्याला गेला होता. तो म्हणायचा, आई, बंद कर आता. ती म्हणायची, या सालाचं होऊ दे. हे ती दर साली म्हणायची.

परवा मी पुन्हा कासुर्डीला गेले. त्या सकाळी टेम्पोतून उतरवलेले क्रेट वैशालीनं संध्याकाळी, अंत्यसंस्कार झाल्यावर, बायकांना घेऊन वर नेले होते आणि रस काढून टाकीत घातला होता. कुणाला न विचारता. आता तो आंबून शांत झाला होता, आणि खाली बसलेल्या गाळावरून काढून दुसऱ्या टाकीत घेतला नाही तर बिघडणार होता. तिनं तसं येऊन सांगितलं. तळघरापुढच्या अंगणात महेश, सुभाष, मी आणि रखमामावशी होतो. मावशीला आता काठीशिवाय चालता येत नाही, तरी ती चढ चढून आली होती.

महेश म्हणाला, "करणार कोण हे? मला यातलं काही कळत नाही. ओतून टाकू आणि परवाना परत करू. आईबरोबर संपलं ते."

"वतायचीच व्हती," मावशी म्हणाली, "तर तिच्या देखत वतायची. आता माघारी नगं."

महेश तिच्याकडे बघत राहिला. भर विहारात या वाइनवर सगळ्यांत आधी बोट ठेवलेली बाई ती.

सुभाष खाली बघत म्हणाला, "मला समदं येतं. पर मी आत जात न्हाई."

"आत मी जाते," वैशाली म्हणाली. "आण्णांनी भाईरनं सांगावं."

तिनं कुलूप काढलं आणि आत गेली. सुभाष पायरीवर बसला, दाराकडे पाठ करून. आतला गारवा आमच्या पायांना लागत होता. पेला नळाखाली धरल्याचा आवाज आला.

"वास कसला?" सुभाषनं विचारलं.

"पेरूचा. कच्च्या पेरूचा."

"तोंडात घे."

मग मोरीत थुंकल्याचा आवाज, आणि पाण्याचा.

"जिभंच्या शेंड्याला लागती का कडंला?"

"कडंला. आंबट टोचतीय आजून."

सुभाषनं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले. मग त्यानं मान न वळवता विचारलं, "वहिनी आसती, तर काय म्हणली आसती?"

आतून वैशाली म्हणाली, "टोचू दे म्हणल्या आसत्या."

"मंग टोचू दे," तो म्हणाला. "पाइप जोड."

पाइप फरशीवरून ओढत नेल्याचा आवाज आला. पंपाचं बटण बाहेर, दाराशेजारच्या भिंतीवर आहे. सुभाष उठला नाही. महेश उठला आणि त्यानं ते दाबलं.